शाई केंद्राची, बोट राज्याचं

४ मार्च, सोमवार

नवी वही. खासगी नोंद, कोणी वाचावी म्हणून नाही. तरी तारखा अचूक ठेवायच्या.

काम असं. या शहरात आमदाराच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक. मतदान ३१ तारखेला, रविवारी. आजवर इथल्या निवडणुका राज्य घेत आलं, म्हणजे कशाबशा उरकत आलं. नव्या कायद्याने ही एक निवडणूक केंद्र घेणार, प्रयोग म्हणून. प्रयोग पार पडला की सगळ्या राज्याच्या निवडणुका केंद्राकडे, आणि मला मुख्यालयात प्रणाली प्रमुखाची खुर्ची. डायरेक्टरसाहेबांनी तोंडी सांगितलंय. तोंडी म्हणजे लेखीच्या अलीकडची पायरी.

केंद्रातर्फे इथे मी एकटी. पुरेशी आहे.

मुक्काम ताईकडे. सरकारी विश्रामगृह राज्याच्या ताब्यातलं, तिथे उतरणं तत्त्वात बसेना. ताई राज्य निवडणूक कार्यालयात सहायक अधिकारी आहे, म्हणजे जे ऑफिस बंद करायला मी आले त्यातच. पण ती सख्खी बहीण. नातं हा कुठल्याच सरकारचा विषय नाही. तिची मी काळजी घेईन. डेटा एंट्रीत एखादी जागा निघेलच.

भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. दारातच म्हणाले, या, केंद्र सरकार आलं! अहो राज्य, पाणी आणा. ताई हसली. मी हसले नाही.

५ मार्च

राज्याचं ऑफिस बघितलं. तीन खोल्या. टेबलांच्या काचांखाली लोकांच्या मुलांचे फोटो. एका कपाटाचं दार उघडायचं तर दुसऱ्याचं आधी बंद करावं लागतं, आणि याची तिथे कोणालाही लाज नाही. उपायुक्त म्हणून एक गृहस्थ आहेत. मी सादरीकरण केलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते, डोळे उघडे होते, पण आत कोणी नव्हतं. शेवटी म्हणाले, छान, चहा घेणार?

कायद्याला जोडलेली अनुसूची सर्वांना वाचून दाखवली. दोन रकाने. केंद्राकडे: यंत्रं, केंद्रांची मांडणी, शाई, प्रशिक्षण, नियमपुस्तिका. राज्याकडे: तारीख, यादी, मतदार. ताईने हे शांतपणे लिहून घेतलं. मला तिची दयाच आली. मतदार राज्याकडे ठेवलाय, ठेवू दे. मतदार सोडून बाकी सगळं आपल्याकडे असलं की निवडणूक चोख होते.

संकल्प: १) रोज सकाळी पळायचं. २) भावजींच्या विनोदांना उत्तर द्यायचं नाही. ३) राज्याच्या चहाला नाही म्हणायचं.

६ मार्च

पळले नाही. बूट कोरे आहेत, आधी घरात घालून सैल करायला हवेत.

८ मार्च, संध्याकाळी ६

नियमपुस्तिका पूर्ण. डायरेक्टरसाहेबांची सही ईमेलने आली, एक शब्दही न बदलता. त्यांनी वाचली असती तरी बदलला नसता.

नियम १४ विशेष जमलाय. जुन्या पद्धतीत शंका आली की केंद्रप्रमुख "आपल्या विवेकाने" ठरवायचा. विवेक! गणिताच्या मास्तरांचा एक विवेक, पाणीपुरवठ्याच्या इन्स्पेक्टरचा दुसरा. मी विवेक काढून टाकला. आता असं आहे: दोन्ही हातांच्या कोणत्याही बोटावर शाईची खूण आढळल्यास त्या व्यक्तीने मत दिलेलं आहे असं समजावं, मत देऊ देऊ नये, कोणतंही कारण ऐकू नये. शेवटच्या चार शब्दांवर मी बराच वेळ काम केलं.

शाईही नवी आहे. राज्याची जुनी शाई लिंबाने निघायची. ही नखाबरोबरच वाढून जाते, मधे कशाने नाही. मिश्रणाचं प्रमाण मीच सुचवलेलं.

ताईने जेवताना विचारलं, छोटे, कारण ऐकूच नये म्हणजे? समजा एखाद्या पेंटरची बोटं रंगलेली असली तर? म्हटलं, पेंटरने धुऊन यावं. ती म्हणाली, हं. राज्याचं सगळं धोरण या एका "हं"मध्ये आहे.

१० मार्च

रंगीत तालीम ठरली. रविवारी १७ला, शाळेच्या व्यायामशाळेत. खऱ्या मतदानासारखीच: रांग, ओळख, शाई, यंत्र. फक्त उमेदवारांच्या जागी फळांची चित्रं.

चौकशी करता कळलं की राज्याच्या तालमीत शाईऐवजी रंगीत पाणी लावतात. म्हणजे नाटकच. म्हणूनच ऐन मतदानाला यांचे हात थरथरतात. माझ्या तालमीत सगळं खरं असेल. जे खरं वापरलं नाही ते तपासलं नाही.

राज्याच्या कर्मचाऱ्यांना व्यायामशाळेत प्रवेशबंदी केली. हस्तक्षेप नको. ताईला लेखी कळवलं, घरी असूनही. तिने पोच दिली, त्यावर "पोळ्या दोन की तीन?" असंही लिहिलं. पोच फाइल केली.

१३ मार्च

भिंतीपत्रकं लागली. मजकूर माझा: "तालीम ही जबाबदारी आहे." याहून जास्त काही सांगायची गरज नसते. लोकांना स्पष्टता हवी असते.

(ताईने म्हणे कारखान्याला, बँकेला, दोन्ही शाळांना फोन करून माणसं पाठवा म्हणून सांगितलंय. हा हस्तक्षेप आहे. पण निरुपद्रवी. दुर्लक्ष केलं.)

१७ मार्च, रविवार, दुपारी

अख्खं शहर आलं. रांग व्यायामशाळेतून मैदानात, मैदानातून फाटकाबाहेर. भिंतीपत्रकाची ताकद. पहिली खूण मी स्वतःच्या बोटावर करून घेतली, डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या. मग सगळ्यांच्या. पेरूला सर्वाधिक मतं. यंत्रं एकदाही अडली नाहीत. एका म्हातारीने विचारलं, बाई, हे कधी जायचं? म्हटलं, आजी, जाणारच नाही. ती खूश झाली असावी. बोट पदराला पुसत निघाली.

डायरेक्टरसाहेबांना फोटो पाठवला: व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर लोक, सगळ्यांची बोटं वर. त्यांनी तो पुढे मंत्र्यांना पाठवला.

अकरा दिवसांत पहिल्यांदाच पळायचाही विचार केला.

१८ मार्च

शहरात फिरले. बँकेतल्या बाईंचं बोट जांभळं, दातांच्या डॉक्टरांचं जांभळं, बस थांबवायला वर केलेलं बोट जांभळं. चालतंबोलतं प्रमाणपत्र. राज्याला एवढ्या वर्षांत हे जमलं नाही.

जेवताना भावजी स्वतःचं बोट दिव्यासमोर धरून म्हणाले, शाई फक्कड आहे, मानलं बुवा. मग ३१ तारखेला कुठे लावणार, पायाच्या अंगठ्याला? ताईच्या हातातला डाव वरणात पडला. अशा माणसाबरोबर ती कशी राहते कळत नाही.

१९ मार्च, पहाटे

भावजींच्या प्रश्नात तांत्रिक अंश आहे.

१९ मार्च, सकाळी १०

शांतपणे मांडते. तालमीला आलेल्या सर्वांच्या बोटावर खूण आहे. खूण मतदानापर्यंत टिकेल. नियम १४ प्रमाणे खूण असलेल्याला मत नाही. कारण ऐकायचं नाही. तालीम हेही एक कारणच.

कोऱ्या बोटांचे मतदार कोण उरले याचा अंदाज घेतला. ज्यांना प्रवेशबंदी होती ते. म्हणजे ताईचं ऑफिस. शिवाय एक पोस्टमन, ज्याच्या दोन्ही हातांना प्लास्टर आहे. म्हणजे सध्याच्या परिस्थितीत या शहराचा आमदार राज्य निवडणूक कार्यालय निवडणार.

ही अडचण नाही. ही तालमीची यशस्विता आहे, फक्त तिची वेळ थोडी अलीकडे आली.

१९ मार्च, संध्याकाळी

लिंबू. रॉकेल. नेलपॉलिश काढायचं द्रव. ब्लीचिंग पावडर. भावजींच्या पेटीतला पॉलिशपेपर. कातडं गेलं, शाई राहिली. उत्पादनाचा दर्जा निर्विवाद. बोटाला ताईने पट्टी बांधली, काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

२० मार्च

डायरेक्टरसाहेबांना फोन. "समजा" असं म्हणून विषय काढला. ते म्हणाले, समजा कशाला, तुमच्या आवाजावरून कळतंय. म्हणाले, पुस्तिका बदलायची तर समिती बसवावी लागेल, समिती मे महिन्यात बसते. मतदान पुढे ढकला. म्हटलं, तारीख राज्याच्या रकान्यात आहे. ते म्हणाले, मग राज्याला सांगा. म्हटलं, राज्याला सांगता येत नाही, विनंती करावी लागते. मग म्हणाले, तो फोटो मंत्र्यांनी कार्यालयात लावलाय हो.

पर्याय काढले:
अ) सर्वांना हातमोजे. (ओळख पटवताना काढावे लागतील.)
ब) तालमीचं प्रमाणपत्र. (प्रमाणपत्र दाखवणं म्हणजे कारण सांगणं.)
क) नखं लवकर वाढावीत म्हणून आहार.

क वर थोडा वेळ काम केलं.

२१ मार्च

गावात बोभाटा. न्हाव्याच्या दुकानासमोरून गेले तर आतून कोणी ओरडलं, मॅडम, आमचा पेरू निवडून आला का? हसणं रस्त्यापर्यंत. दुर्लक्ष. एका रिटायर्ड मुख्याध्यापिकेने मात्र रस्त्यात अडवलं. त्यांनी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही म्हणे. माझ्या नाकासमोर बोट धरून म्हणाल्या, हे माझं मत आहे, तू पेरूवर घालवलंस. मुलांना सांगतात त्या आवाजात. मी म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे. त्या म्हणाल्या, कसली?

उत्तम प्रश्न. पण त्यांना तांत्रिक पार्श्वभूमी नाही.

२२ मार्च

राज्याला पत्र लिहिलं. ठाम, मुद्देसूद. ताई भांडी घासत होती, तिला वाचून दाखवलं. "राज्याने तातडीने पुढील कार्यवाही करावी" इथवर आले तर म्हणाली, यात विनंती कुठे आहे गं? म्हटलं, अध्याहृत आहे. ती म्हणाली, ती बाहेर काढ. "कृपया" घातलं. म्हणाली, आणखी एक. आणखी एक घातलं. एका वाक्यात दोन "कृपया" हा माझ्या कारकिर्दीतला नीचांक.

भावजी सोफ्यावरून म्हणाले, राज्य, तुम्ही काही करू नका. हे बुडालं तर तुमचं ऑफिस वाचलं. आठ-नऊ माणसांच्या नोकऱ्या आहेत. बुडू दे की. माझ्यासमोर म्हणाले हे. मी घरात पाहुणी असताना.

ताईने नळ बंद केला. म्हणाली, बुडणार ती नाही, मतदान बुडणार. मुख्याध्यापिकाबाई उद्या मला विचारतील, तू तिथेच होतीस ना? मला त्याच बाईंनी शिकवलंय. मग माझ्याकडे वळून म्हणाली, हे तुझ्यासाठी करत नाहीये, समजलं? पट्टी भिजवू नकोस.

माझ्यासाठीच करतेय. स्वभाव.

२४ मार्च

ताई सुट्टीच्या दिवशी उपायुक्तांच्या घरी जाऊन बसली. तारीख पुढे ढकलायला ते तयार नव्हते. तारीख पुढे गेली की उमेदवारांची बोंबाबोंब. मग ताईने अनुसूचीच काढली. म्हणाली, साहेब, शाई केंद्राकडे आहे. बोट कोणाकडे आहे?

बोट कोणत्याच रकान्यात नाही. मी पुन्हा तपासलं, खरंच नाही.

ताई म्हणाली, मतदार राज्याकडे. बोट मतदाराला जोडलेलं. सुटं मिळत नाही. तेव्हा शाई केंद्राची, बोट राज्याचं. शाई कुठली, कशी, किती पक्की, ते केंद्र ठरवेल. ती कोणत्या बोटावर लावायची आणि कोणत्या बोटाकडे बघायचं ते राज्य ठरवेल. उपायुक्तांनी त्याच बैठकीत आदेश काढला: या निवडणुकीपुरती उजव्या हाताची करंगळी हेच मतदानाचं बोट. बाकीच्या बोटांवर काहीही असो, ती बोटं विचारात घेऊ नयेत. म्हणजे नियम १४ मधलं "कोणतंही बोट" माझ्या अखत्यारीबाहेर गेलं.

कल्पना बरी आहे. मुळात माझ्याच अनुसूची-वाचनातून निघालेली.

आता केंद्राने ती लेखी मान्य करायला हवी.

२५ मार्च

डायरेक्टरसाहेब इतके सुटल्यासारखे हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाले, म्हणजे बोटांचा घोळ आता राज्याच्या गळ्यात? लिहा, लिहा, ताबडतोब मान्य करा, आणि असं लिहा की पुन्हा कधी आपल्यावर येता कामा नये. पळवाट ठेवू नका.

पळवाट न ठेवणं ही माझी खासियत. मसुदा एका बैठकीत: "मतदाराचं बोट व सदर बोटाने मतदानाच्या संदर्भात केल्या जाणाऱ्या सर्व क्रिया हा सर्वस्वी व कायमचा राज्याचा विषय असून त्यात केंद्र हस्तक्षेप करणार नाही." साहेबांनी सही केली. एक शब्दही न बदलता.

ताईला प्रत दिली. तिने दोनदा वाचली. विचारलं, "सर्व क्रिया" हे तू घातलंस? म्हटलं, अर्थात. ती म्हणाली, हं.

३१ मार्च, रविवार

मतदान. अख्खं शहर करंगळी वर करून रांगेत. भावजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, केंद्र, हे मतदानाला आलेत की वर्गातून बाहेर जायला परवानगी मागतायत? उत्तर दिलं नाही. संकल्प २ पाळला जातोय. मुख्याध्यापिकाबाई पहिल्या आल्या. बाहेर पडताना करंगळी ताईला दाखवली, मला नाही.

यंत्रं अडली नाहीत. शाई उत्कृष्ट. रांगेत एकही वाद नाही. हा प्रयोग यशस्वी झालाय आणि तो केंद्राने घेतला, हे अहवालात पहिल्या परिच्छेदात येईल.

३ एप्रिल

अहवाल पाठवला. करंगळीला "द्वि-खूण प्रणाली" असं नाव दिलं. मुख्यालयात खोलीला खिडकी असेल का ते विचारून ठेवलं.

८ एप्रिल

राज्याने केंद्राला पत्र पाठवलंय. सही उपायुक्तांची, भाषा ताईची. प्रत्येक वाक्यात एक "कृपया" आहे आणि एकही खरा नाही. मुद्दा असा: केंद्राने मान्य केल्याप्रमाणे बोटाने केल्या जाणाऱ्या सर्व क्रिया राज्याच्या. यंत्राचं बटण बोटाने दाबतात. यादीत नाव बोटाने शोधतात. सही बोटांनी धरलेल्या पेनाने. मोजणी, बोटांनी. पेटीला सील, बोटांनी. तेव्हा या सर्व बाबी कृपया राज्याकडे सोपवाव्यात. शाईची बाटली केंद्राकडे राहण्यास राज्याची हरकत नाही, मात्र तिचं झाकण बोटांनी उघडतात याकडे कृपया लक्ष द्यावं.

हास्यास्पद. मुख्यालय हे एका फटक्यात उडवून लावेल. मान्यतेच्या मजकुरात एकही भोक नाही. तो मी लिहिलाय.

९ एप्रिल

मुख्यालयाच्या विधी विभागाने मजकूर तपासला. त्यात एकही भोक नाही.

१० एप्रिल

डायरेक्टरसाहेबांचा फोन नाही. मी केला. त्यांच्या पीएने सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मागे साहेबांचा आवाज येत होता: सांग, मीटिंगमध्ये आहेत.

१२ एप्रिल

प्रयोग समाप्त. आदेश आला. निवडणुका पूर्ववत राज्याकडे, फोटो मंत्र्यांच्या भिंतीवरून खाली. ताईचं ऑफिस शाबूत. तिथे आज पेढे वाटले गेले असणार, मी चौकशी केली नाही. घरी भावजींनी पुढ्यात डबी ठेवली. ऑफिसातूनच आली होती. एक खाल्ला. पुरावा म्हणून.

आदेशाच्या खालच्या परिच्छेदात माझा उल्लेख आहे. प्रणाली प्रमुखाचं पद निर्माण होत नसल्यामुळे, आणि माझी सेवा "बोट व तत्संबंधी क्रिया" या विषयाखाली मोडत असल्यामुळे, मला राज्य निवडणूक कार्यालयाकडे कायमचं वर्ग केलेलं आहे. हुद्दा: सहायक अधिकाऱ्यांची सहायक.

विचार केला तर यात दूरदृष्टी आहे. केंद्राला राज्याच्या आत एक विश्वासू माणूस हवा होता. उघड सांगता येत नसणार.

१५ एप्रिल, सोमवार, सकाळी ८

आज रुजू व्हायचं. अटी आधीच स्पष्ट केल्या. ऑफिसात मी तिला मॅडम म्हणेन, ती मला छोटी म्हणणार नाही. ऑफिसला वेगवेगळ्या जाऊ. माझं टेबल स्वतंत्र.

ताई सगळ्याला हो म्हणाली. मग विचारलं, डबा दोघींचा एकातच भरू का?

म्हटलं, स्वतंत्र.

तिने एकातच भरला. आणि मला म्हणाली, हा तू धर.